‘काढून टाकलं’ला इंग्रजीत नेमकं काय? इव्हिक्ट, एक्स्पेल, इजेक्ट, आउस्ट यात फरक काय आहे?

अर्धवट_अनुवादक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय. मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद शिकतोय आणि माझं काम ज्या बाई तपासतात त्या भयंकर कडक आहेत, म्हणजे चांगल्या आहेत पण लाल पेन हातात आलं की विचारू नका. गेल्या वेळचा उतारा होता त्यात सहा ठिकाणी ‘काढलं’ आलं होतं. घरमालकाने भाडेकरूला काढलं, पोराला शाळेतून काढलं, मंत्र्याला काढलं, एका बंडखोराला देशातून काढलं, उंदराला बिळातून काढलं आणि शेवटी घशात अडकलेला काटा काढला. मी आपलं सहाही ठिकाणी ‘रिमूव्ह’ ठोकून मोकळा. बाईंनी भाडेकरूच्या वाक्याशेजारी लिहिलं, ‘डाग होता का तो?’

मग मी समानार्थी शब्दांचा कोश उघडला आणि तिथे जे दिसेल ते एकेक करून वाटून टाकलं, भाडेकरू एक्स्पेल, पोरगा इव्हिक्ट, मंत्री इजेक्ट, अशी सगळी खिरापत. दुसरा कागद परत आला त्यात मंत्र्याशेजारी लिहिलंय, ‘खुर्चीखाली स्प्रिंग होती का?’ आणि भाडेकरूला मी ‘एक्स्पेल्ड आउट ऑफ द हाउस’ लिहिलं होतं त्यातला ‘आउट’ नुसता खोडलाय, कारण काही लिहिलेलं नाही. एक्स्पेलला तर हातच लावला नाही, म्हणजे तो बरोबर आहे की बाई थकल्या ते पण कळत नाही.

माझा प्रश्न एवढाच की कोशात हे सगळे एकाच ओळीत मांडलेले असतात, मग कुठे कुठला लावायचा हे लोकांना कळतं कसं? पाठ करायचं का सगळं? काही युक्ती असेल तर सांगा.

जुनी_फाईल

युक्ती आहे. कोश बंद करा आणि आधी स्वतःला विचारा की माणूस *कुठून* निघाला. इंग्रजीत निम्मी क्रियापदं त्या जागेवरूनच ठरतात. घर, जमीन, दुकानाचा गाळा म्हणजे ज्या जागेचा ताबा घेता येतो तिथून काढलं की इव्हिक्ट. शाळा, पक्ष, संघटना म्हणजे जिथे तुमचं नाव यादीत असतं तिथून एक्स्पेल. खुर्ची, सत्ता, पद इथून आउस्ट. म्हणून तुमचा भाडेकरू एक्स्पेल झाला ते चुकलंच, बाई थकल्या असाव्यात.

इव्हिक्टबद्दल थोडं जास्त सांगते कारण माझी अर्धी हयात वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेली आणि हा शब्द मी किती हजार वेळा टाइप केला असेन देव जाणे. लोकांना वाटतं इव्हिक्ट म्हणजे सामान जिन्यात फेकणं. नाही हो. तो मूळ लॅटिनमधला ‘जिंकणे’वाला शब्द आहे, व्हिक्टर, व्हिक्टरी ज्या धातूतून आले त्याच्यातलाच. म्हणजे कोर्टात हक्क जिंकून जागा परत घेणं. त्यामुळे आजही इव्हिक्टला कायद्याचा वास येतो, नोटीस आली, तारखा पडल्या, हुकूम निघाला, मग इव्हिक्शन. मालक एका रात्री कुलूप बदलून बसला तर साध्या बोलण्यात त्याला ‘लॉक्ड आउट’ म्हणतात, आणि बायकोने नवऱ्याला घराबाहेर काढलं तर ती त्याला इव्हिक्ट करत नाही, ‘थ्रो आउट’ किंवा ‘किक आउट’ करते. तिथे इव्हिक्ट लिहिलंत तर विनोदी वाटेल, मुद्दाम विनोद करायचा असेल तर लिहा.

आणि आउस्टचं नाम ‘आउस्टर’ आहे बरं का. आमच्याकडे नवीन आलेला ज्युनियर आउस्टर म्हणजे आउस्ट करणारा माणूस समजला होता, बेकर, टीचर असतं तसं. पूर्ण परिच्छेदाचा अर्थ उलटा झाला होता. आउस्टर म्हणजे ती काढण्याची क्रिया. जुन्या फ्रेंचमधून कायद्याच्या इंग्रजीत आलेला शब्द, त्यामुळे त्याचं शेपूट असं फसवं राहिलं.

टिवल्या_बावल्या

इंग्रजीला कशाला नावं ठेवता, मराठीत तरी काय कमी आहे का. नोकराला नारळ देतात, खेळाडूला संघातून डच्चू देतात, अधिकाऱ्याची उचलबांगडी होते, पक्षातून हकालपट्टी होते, राजा पदच्युत होतो, गुंड तडीपार होतो, शत्रूला पिटाळून लावतात आणि पायात येणाऱ्या मांजराला हुसकावतात. आता जरा अदलाबदल करून बघा. मांजराची हकालपट्टी केली, गुंडाला डच्चू दिला, राजाला हुसकावलं. हसू आलं ना? बास, तेच बाईंना तुमच्या मंत्र्याला इजेक्ट केल्यावर आलं.

जुनी_फाईल

आणि ‘अर्धचंद्र देणे’ राहिलं की! समोरच्याच्या मानेवर मागून हात ठेवायचा, अंगठा एकीकडे बाकीची बोटं दुसरीकडे, हाताचा आकार होतो अर्ध्या चंद्राचा आणि तसंच दारापर्यंत ढकलत न्यायचं. अख्खी कृती एका शब्दात. इंग्रजीत याच्या जवळ काय जातं?

टिवल्या_बावल्या

‘बाउन्स’. क्लबच्या दाराशी जो पैलवान उभा असतो तो बाउन्सर याच्यावरूनच, नको असलेल्या माणसाला बाहेर भिरकावणारा. पण चंद्राची मजा नाही त्यात.

पेन्सिलीचं_टोक

जुनी_फाईलताईंचा ‘कुठून’ बरोबर आहे पण तेवढ्याने भागत नाही, दुसरा प्रश्न ‘कुठे गेला’ हा पण विचारावा लागतो. इव्हिक्ट, एक्स्पेल, आउस्ट या तिघांना माणूस पुढे कुठे गेला याच्याशी काही देणंघेणं नाही. दाराबाहेर गेला की क्रियापदाचं काम संपलं. पण एक्झाइल, बॅनिश, डिपोर्ट, एक्स्ट्राडाइट यांना पुढचा प्रवास पण लागतो.

मी हे शिकवताना एकाच माणसाचं उदाहरण घेतो कारण त्या बिचाऱ्यावर जवळजवळ सगळी क्रियापदं वापरून झालीत, लिऑन ट्रॉट्स्की. रशियन क्रांतीनंतर रेड आर्मी, म्हणजे कम्युनिस्टांचं सैन्य, उभी करणारा माणूस. लेनिन १९२४ मध्ये गेला, सत्तेची ओढाताण सुरू झाली आणि १९२५ च्या जानेवारीत त्याला युद्धखात्याच्या प्रमुखपदावरून जावं लागलं, इथे इंग्रजीत येतं *आउस्टेड*. खुर्ची गेली, पण माणूस मॉस्कोतच आहे, पक्षातही आहे. मग नोव्हेंबर १९२७, कम्युनिस्ट पक्षातून काढलं, इथे *एक्स्पेल्ड*, कारण सदस्यत्व गेलं. जानेवारी १९२८ ला त्याला दूर अल्मा-आटाला पाठवून दिलं, आता *एक्झाइल्ड*, आणि लक्षात घ्या अल्मा-आटा तेव्हा सोव्हिएत संघातच होतं, म्हणजे एक्झाइल होण्यासाठी देश सोडावाच लागतो असं काही नाही, आपल्या माणसांपासून आपल्या जागेपासून लांब, परतायची बंदी, एवढं पुरतं. मग १९२९ च्या फेब्रुवारीत देशाबाहेर, तुर्कस्तानात. इथे लेखक डिपोर्टेड लिहितात, बॅनिश्ड लिहितात, एक्स्पेल्ड पण लिहितात, तिन्ही चालतात पण छटा वेगळी. डिपोर्ट म्हणजे सरकारी कारवाई, कागद, पहारा, बोट. बॅनिश म्हटलं की जुन्या काळचा राजा हात वर करून ‘चालता हो’ म्हणतोय असं डोळ्यासमोर येतं. त्यानंतर फ्रान्स झालं, नॉर्वे झालं, तिथेही ठेवून घेईनात आणि शेवटी मेक्सिको, आणि तिथे १९४० च्या ऑगस्टमध्ये खून.

इकडे मागे राहिलेल्यांचं काय झालं? त्यांच्यासाठी क्रियापद आहे *पर्ज*. १९३६ ते ३८ चा काळ इंग्रजीत ग्रेट पर्ज म्हणूनच ओळखला जातो. पर्जचा मूळ अर्थ शुद्ध करणे, पोट साफ करणाऱ्या औषधाला पर्गेटिव्ह म्हणतात ते त्याच्यातलंच. म्हणजे काढणारा स्वतःला वैद्य समजतो आणि निघणारी माणसं म्हणजे घाण. फार घाणेरडा शब्द आहे खरं तर, आपण कॉम्प्युटरमधला जुना डेटा पर्ज करतो तेव्हा लक्षातही येत नाही.

आणि सगळ्यात शेवटी फोटोंमधून, इतिहासाच्या पुस्तकांमधून पण त्याला काढलं. तिथे *इरेज* किंवा *एक्स्पंज*. एक्स्पंज हा लिखित गोष्टींसाठी, सभागृहात कोणी काहीतरी वावगं बोललं की ते कामकाजातून काढून टाकतात ना, ते एक्स्पंज.

तुमचा बंडखोर देशातून काढलाय तर आधी बघा तो त्याच देशाचा नागरिक आहे का. स्वतःच्या देशातून काढला असेल तर एक्झाइल किंवा बॅनिश. परका असेल, व्हिसा संपला वगैरे, तर डिपोर्ट.

बोलका_पोपट

मग एक्स्ट्राडाइट आणि डिपोर्टमध्ये काय फरक, बातम्यांमध्ये दोन्ही येतात आणि मला आजवर एकच वाटायचं

पेन्सिलीचं_टोक

डिपोर्टमध्ये ‘तू आम्हाला नको’ असतं. एक्स्ट्राडाइटमध्ये ‘तू त्यांना हवायस’ असतं. दुसऱ्या देशाने मागणी केली की याच्यावर आमच्याकडे खटला आहे, द्या आमच्या ताब्यात, आणि दिलं, तर ते एक्स्ट्राडिशन. गंमत म्हणजे ट्रॅडिशन, म्हणजे परंपरा, हा शब्द पण त्याच मुळाचा आहे, दोन्हीकडे ‘हाती सोपवणे’.

चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे, त्याला १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये अटक झाली ती स्पेनच्या मागणीवरून. दीड वर्षाच्या आसपास कोर्टकचेऱ्या चालल्या आणि मार्च २००० मध्ये ब्रिटनने प्रकृतीचं कारण देऊन त्याला सोडलं, तो चिलीला परत गेला. म्हणजे एक्स्ट्राडाइट झालाच नाही, आणि डिपोर्ट पण नाही. नुसता गेला. तुम्ही या बातमीत यातलं कुठलंही क्रियापद घुसवलंत तर वाक्य व्याकरणाने बरोबर आणि माहितीने खोटं. अनुवाद करताना हीच भीती असते.

गणिताचा_तास

शाळेतल्या पोराबद्दल कोणी नीट बोललंच नाही. एक्स्पेल बरोबर, पण आपल्याकडे सर्रास म्हणतात ना ‘रस्टिकेट केलं’, तर अनुवादकभाऊ हा शब्द जपून. भारतीय इंग्रजीत रस्टिकेट म्हणजे शाळा-कॉलेजातून काढून टाकणं असा अर्थ रूढ झालाय, पण ब्रिटनमधल्या जुन्या विद्यापीठांत रस्टिकेट म्हणजे काही काळापुरतं घरी पाठवणं. मूळ अर्थ ‘खेड्यात पाठवणे’, रस्टिक वरून. म्हणजे जा बाबा, गावाकडची हवा खा, डोकं ठिकाणावर आलं की परत ये. कायमचं काढलं तर ऑक्सफर्डवाले ‘सेंट डाउन’ म्हणतात. कवी शेली १८११ मध्ये नास्तिकतेवरचं पत्रक काढल्यामुळे ऑक्सफर्डमधून गेला तो असा कायमचा.

त्यात पुन्हा घोळ आहेच, कारण साध्या ब्रिटिश बोलण्यात ‘सेंट डाउन’ म्हणजे तुरुंगात रवानगी. एकाच शब्दात पदवी पण गेली आणि जामीन पण.

माझं मत विचाराल तर शाळेसाठी दोनच शब्द लक्षात ठेवा, सस्पेंड म्हणजे परत येणार आणि एक्स्पेल म्हणजे परत येणार नाही. बाकी सगळा साज आहे.

बोलका_पोपट

मंत्र्याला इम्पीच चालेल का? भारी वाटतं ऐकायला

जुनी_फाईल

अजिबात नाही! ही चूक तर छापील मजकुरात पण दिसते. इम्पीच म्हणजे पदावरून काढणं *नव्हे*, इम्पीच म्हणजे आरोप ठेवून खटला उभा करणं. अमेरिकेतच बघा, अँड्र्यू जॉन्सन १८६८, क्लिंटन १९९८, ट्रंप २०१९ आणि पुन्हा २०२१, हे सगळे इम्पीच झाले आणि सेनेटमध्ये एकालाही दोषी ठरवायला लागतात तेवढी मतं पडली नाहीत. उलट ज्याचं नाव लोक इम्पीचमेंटच्या संदर्भात सगळ्यात आधी घेतात तो निक्सन इम्पीच झालाच नाही, सभागृहात मतदान व्हायच्या आधीच १९७४ मध्ये राजीनामा देऊन गेला.

मंत्री कसा गेला ते सांगा म्हणजे शब्द सांगते. पंतप्रधानांनी काढला असेल तर डिसमिस किंवा सॅक, वर्तमानपत्री इंग्रजीत सॅक फार चालतो कारण चारच अक्षरं, मथळ्यात बसतो. स्वतःच्याच लोकांनी मिळून खाली खेचला तर आउस्ट. आणि बढती दिल्यासारखं दाखवून बिनकामाच्या मानाच्या जागी बसवला असेल तर ‘किक्ड अपस्टेअर्स’, लाथ मारून वरच्या मजल्यावर. हा माझा आवडता.

पेन्सिलीचं_टोक

तुमच्या सॅकला जोडून एक. नोकरीतून जाणं म्हटलं की फायर आणि लेड ऑफ यांची सरमिसळ करू नका लोकहो, त्यात माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो. फायर किंवा सॅक झाला म्हणजे त्याचं काहीतरी चुकलं असं ऐकणारा धरून चालतो. लेड ऑफ म्हणजे कंपनीचं काम कमी झालं, याची चूक नाही. ब्रिटिश लोक त्याला ‘मेड रिडंडंट’ म्हणतात. मी स्वतः एकदा लेड ऑफ झालोय आणि एका मित्राने माझी ओळख करून देताना ‘ही वॉज फायर्ड’ म्हटलं, समोरच्या माणसाचा चेहरा जो पडला तो पुढची दहा मिनिटं सरळ झाला नाही. मराठीत ‘नोकरी गेली’ म्हणून आपण सगळं झाकून नेतो, ती सोय इंग्रजीत पण आहे म्हणा, ‘लॉस्ट हिज जॉब’. शंका असेल तिथे तेच लिहावं.

अर्धवट_अनुवादक

बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप थँक्स. मंत्री आउस्टेड केला, स्वतःच्याच गटाने पाडलाय त्याला. भाडेकरू इव्हिक्टेड, नोटीसचा उल्लेख पुढच्याच ओळीत आहे. पोरगा एक्स्पेल्ड. बंडखोर त्याच देशाचा आहे, एक्झाइल्ड लिहितो. उंदीर आणि काटा अजून राहिलेत. आणि तो ‘आउट’ का खोडला ते पण कोणीतरी सांगा ना, तेच जास्त डोक्यात बसलंय.

गणिताचा_तास

आउट आधीच आत बसलाय म्हणून! एक्स्पेल, एक्झाइल, एक्स्ट्राडाइट यांच्या सुरुवातीचा ‘एक्स’ आणि इव्हिक्ट, इजेक्टमधला सुरुवातीचा ‘इ’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘बाहेर’च. त्यामुळे एक्स्पेल्ड आउट म्हणजे ‘बाहेर बहिष्कृत’ म्हटल्यासारखं. आपल्या बहिष्कारात पण ‘बहिः’ म्हणजे बाहेर आहेच की. यांना नुसतं ‘फ्रॉम’ लावायचं, एक्स्पेल्ड फ्रॉम, इव्हिक्टेड फ्रॉम. उलट साधी घरगुती क्रियापदं, थ्रो, किक, ड्राइव्ह, स्मोक, फ्लश, यांच्या पोटात बाहेर नाही त्यामुळे त्यांना आउट बाहेरून जोडावाच लागतो.

पेलवाल्या भावंडांची एकदा गंमत बघा. पेल म्हणजे ढकलणे. आत बळ लावून ढकललं की इम्पेल, पुढे ढकललं प्रोपेल, मागे परतवलं रिपेल, पांगवलं डिस्पेल, बाहेर ढकललं एक्स्पेल. एक शिकलात की पाच आले. आणि भूतकाळ करताना एल दोनदा, ते विसरू नका.

रानवाटा

उंदीर माझ्याकडे द्या 😄 उंदराला बिळातून ‘फ्लश आउट’ करतात, मुळात झुडपात लपलेला पक्षी हाकारा करून उडवणं म्हणजे फ्लश. धूर करून काढला तर स्मोक आउट. आणि बिळात फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा लांबट प्राणी सोडून ससे बाहेर काढायची युरोपात जुनी पद्धत आहे, त्याच्यावरून ‘फेरेट आउट’. पण त्याचा अर्थ आता खोदून खोदून माहिती काढणे असा झालाय, त्यामुळे खऱ्या उंदरासाठी लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल.

काट्यासाठी डिसलॉज. जे अडकून, रुतून बसलंय ते हलवून मोकळं करणं म्हणजे डिसलॉज, दगड, दाताच्या फटीतला कण, घशातला काटा. डिसलॉज झालं म्हणजे बाहेरच आलं असं मात्र नाही, पोटात पण जाऊ शकतं. खोकून बाहेर टाकला असेल तर ‘कॉफ्ड अप’, वर आला म्हणून अप.

आणि इजेक्टला इतकं वाईट नका ठरवू. इजेक्टमध्ये झटका असतो, जोराने फेकलं जाणं. ज्वालामुखी राख इजेक्ट करतो, यंत्र कॅसेट इजेक्ट करतं. वैमानिकाबद्दल तर कर्म न लावता नुसतं ‘द पायलट इजेक्टेड’ लिहितात, स्वतःच स्वतःला बाहेर फेकलं. पण ‘वॉज इजेक्टेड’ लिहिलंत तर स्वतःच्या मर्जीने नाही, गाडीच्या अपघातात माणूस बाहेर फेकला जातो तसं. एका वॉजने जगण्यामरण्याचा फरक.

पण माझ्या मते इव्हिक्टचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण पक्ष्यांमधलं आहे. युरोपातला कुकू दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो. पिल्लू बाहेर येतं तेव्हा आंधळं असतं, अंगावर पीस नाही, आणि एखाद्या दिवसात कामाला लागतं. घरट्यात मागे मागे सरकत शेजारचं अंडं पाठीवर घेतं, पाठीत त्यासाठी खळगाच असतो, मग पाय घरट्याच्या भिंतीला रोवून चढत चढत काठाशी जातं आणि अंडं बाहेर. पुन्हा खाली, पुढचं अंडं. देवीच्या लसीवाल्या एडवर्ड जेनरने हे बघून १७८८ मध्ये लिहून ठेवलंय. शास्त्रज्ञ या वागण्याला सरळ ‘इव्हिक्शन’ म्हणतात. म्हणजे इथे पोटभाडेकरूच मालकाच्या पोरांना काढतोय, आणि नोटीस नाही काही नाही, जुनी_फाईलताई बघा तुमचं कोर्ट काय म्हणतं.

जुनी_फाईल

आमचं कोर्ट तारीख देईल. तोवर पिल्लू मोठं होऊन उडून जाईल.

बोलका_पोपट

इव्हॅक्युएट पण यातच ना? पूर आला की लोकांना बाहेर काढतात ते

पेन्सिलीचं_टोक

काढतात खरं, पण त्यांच्याच भल्यासाठी, म्हणून या पंगतीत तो जरा वेगळा बसतो. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून ३ लाख ३८ हजार सैनिक समुद्रमार्गे काढले ते इव्हॅक्युएशन. त्यांना कोणी हाकललं नाही, म्हणजे जर्मनांनी हाकललं, पण बोटीत घालणारे वेगळे. मूळ अर्थ ‘रिकामं करणे’ असल्यामुळे काही जुने जाणकार म्हणायचे की इमारत इव्हॅक्युएट होते, माणसं नाही. आता दोन्ही चालतं, कोणी वाद घालत बसत नाही. खाली केलेल्या माणसाला इव्हॅक्युई, डिपोर्ट झालेल्याला डिपोर्टी. एक्झाइल झालेला मात्र एक्झाइलच, क्रिया पण तीच, अवस्था पण तीच आणि माणूस पण तोच.

टिवल्या_बावल्या

गणिताच्या सरांनी बहिष्कार काढलाच आहे तर वाळीत टाकणं पण घ्या. त्याला इंग्रजीत ऑस्ट्रसाइज. यात गंमत अशी की माणूस जागेवरून हलत नाही, तिथेच असतो, फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही.

पेन्सिलीचं_टोक

आज हलत नाही, मूळ अथेन्समध्ये चांगला दहा वर्षांसाठी हलायचा! इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथले नागरिक मडक्याच्या खापरीवर नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खरवडून मत द्यायचे. खापरीला ऑस्ट्राकॉन म्हणायचे, त्यावरून हा शब्द. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ता जप्त नाही, नुसतं दहा वर्षं लांब राहायचं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने एक किस्सा दिलाय, ॲरिस्टाइडीस नावाचा पुढारी होता, ‘न्यायी’ म्हणून प्रसिद्ध. मतदानाच्या दिवशी एक निरक्षर माणूस त्याच्याचकडे खापरी घेऊन आला, ओळखत नव्हता, म्हणाला यावर ॲरिस्टाइडीस लिहून दे. याने विचारलं, तुझं काय वाकडं केलंय त्याने? काही नाही, म्हणे मी त्याला बघितलेलं पण नाही, सगळीकडे न्यायी न्यायी ऐकून कंटाळा आलाय. त्याने स्वतःचं नाव लिहून दिलं.

जुनी_फाईल

आणि बॉयकॉट विसरलात! त्याच्यात तर माझं इव्हिक्ट पण आहे. १८८० साली आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा माणूस जमीनदाराचा कारभारी होता, कुळांना इव्हिक्शनच्या नोटिसा बजावायला निघाला. लोकांनी त्याला हात पण लावला नाही. नुसतं कामावर कोणी येईना, दुकानदार माल देईना, उभं पीक काढायला बाहेरून मजूर आणावे लागले आणि त्या मजुरांना राखायला सैन्य. वर्ष संपायच्या आत बॉयकॉटने आयर्लंड सोडलं. इव्हिक्ट करायला गेला आणि स्वतःच निघाला, वर आडनावाचं क्रियापद झालं ते वेगळंच.

अर्धवट_अनुवादक

अपडेट देतो. कागद परत आला. आउस्टेड, इव्हिक्टेड, एक्स्पेल्ड, एक्झाइल्ड, सगळ्यांना बरोबरची खूण. डिसलॉज्डखाली चक्क ‘छान’. जन्मात पहिल्यांदा. पण उंदराच्या वाक्यात मी ‘दे फ्लश्ड आउट इट’ लिहिलं होतं, तिथे बाईंनी इटला गोल करून बाण काढून मधे आणलंय आणि शेजारी लिहिलंय, ‘उंदीर दाराबाहेरच राहिला, आत घ्या.’

गणिताचा_तास

बरोबर आहे बाईंचं. सर्वनाम असेल तर ते क्रियापद आणि आउटच्या मधेच हवं, फ्लश्ड इट आउट, थ्रू हिम आउट. सर्वनामाऐवजी नाम असेल तर मात्र दोन्हीकडे चालतं, फ्लश्ड आउट द रॅट पण आणि फ्लश्ड द रॅट आउट पण.

टिवल्या_बावल्या

म्हणजे एवढ्या सगळ्यांना बाहेर काढून शेवटी उंदीर आत 😂